केळीच्या चेंबरमध्ये हँडहेल्ड हरवतात. ब्लूटूथ बीकन लावावे का?

सावदेकर | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. सावद्याजवळ आमचं केळीचं पॅकहाउस आहे. सोबत ८ रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायच्या बंद खोल्या, आणि एक मोठी कोल्ड रूम. क्रेटवरचे बारकोड वाचायला अँड्रॉइडचे हँडहेल्ड घेतलेत, म्हणजे जाडजूड मोबाईलच. पोरं क्रेट लावताना हँडहेल्ड थप्पीवर ठेवून देतात, पुढं दुसरी थप्पी लागते, दार बंद होतं, इथिलीन (केळी पिकवणारा गॅस) सोडलं जातं. सकाळी मुकादम प्रत्येकाला विचारत फिरतो. पहिला दिवस चेंबर उघडायचं म्हणजे गॅस गेला आणि तापमानही बिघडलं. चुकीचं चेंबर उघडलं तर दोन्हींचं नुकसान करून हात रिकामेच.

एका पुरवठादारानं सांगितलं की छताला ब्लूटूथ बीकन, म्हणजे सतत सिग्नल सोडणाऱ्या छोट्या डब्या, लावू, हँडहेल्डमध्ये आमचं अ‍ॅप टाकू, ऑफिसात नकाशावर ठिपका दिसेल, ‘१ मीटरपर्यंत अचूक’. कोटेशन बघून वडिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खरंच १ मीटर मिळतं का? आत जीपीएस चालत नाही एवढं माहीत आहे, त्यामुळे तो सल्ला नको.

अमळनेरी | रविवार, रात्री ९:२०

रिंग द्या ना भाऊ. फोन हराई गया तं आम्ही तेच करतस.

सावदेकर | रविवार, रात्री ९:३१

आत हवा फिरवणारे पंखे चालू असतात, शेजारी उभा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. शिवाय दार लागलं की आत नेटवर्क शून्य, मग रिंग पोचणार कशी? आणि निम्म्या वेळा बॅटरीच उतरलेली असते.

तरंगलांबी | रविवार, रात्री १०:४८

१ मीटरचा आकडा ऐकला की आधी विचारायचं, तो कोणत्या मोजणीवरून काढला?

साध्या बीकनमध्ये अंतर मोजणारं काहीच नसतं. तो ठरावीक वेळानं ‘मी अमुक नंबर’ असं ओरडत राहतो आणि फोन फक्त ते किती मोठ्यानं ऐकू आलं हे सांगतो. अ‍ॅपलनं २०१३ मध्ये आयबीकन आणला, त्याच्या संदेशात ओळखक्रमांकाबरोबर आणखी एक आकडा असतो: १ मीटरवर सिग्नलची ताकद किती मिळायला हवी. प्रत्यक्ष मिळालेली ताकद आणि हा आकडा यांच्या फरकातून अ‍ॅप अंतराचा अंदाज बांधतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ताकद ६ डेसिबलनं उतरते. हेच गणित उलटं फिरवा. १० डेसिबल कमी मिळाले तर अंतर तिपटीहून जास्त निघतं. आणि फोन व बीकनच्या मध्ये एक माणूस उभा राहिला की १० डेसिबल सहज जातात. म्हणजे ३ मीटरवरचा हँडहेल्ड ९-१० मीटरवर दिसणार.

हे झालं माणसाचं. तुमच्याकडे तर केळी आहेत. केळ्याच्या गरात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात जिरतात. थप्पीच्या अलीकडे आणि पलीकडे वेगवेगळं ऐकू येणार, भरलेल्या आणि रिकाम्या चेंबरमध्ये वेगवेगळं ऐकू येणार.

दुसरी गोष्ट भिंतींची. रायपनिंग चेंबर म्हणजे पफ पॅनेल, मध्ये फोम आणि दोन्ही अंगांना पत्रा. आतला सिग्नल पत्र्यावर आपटून परत येतो, मूळ लहरीत मिसळतो, कुठं जोर वाढतो तर कुठं मरतो. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण १२.५ सेंटिमीटर, म्हणून फोन चार बोटं सरकवला तरी आकडा बदलतो. त्यात बीकन ३७, ३८ आणि ३९ या तीन वाहिन्यांवर आळीपाळीनं ओरडतो, तिन्हींवरचे चढउतार वेगळे, आणि कोणता आकडा कोणत्या वाहिनीवरचा हे अँड्रॉइड अ‍ॅपला सहसा सांगत नाही. हँडहेल्ड टेबलावर ठेवून अर्धा मिनिट आकडे बघा. जागचा हलला नाही तरी आकडा नाचतो.

पुरवठादारानं १ मीटर बहुतेक रिकाम्या हॉलमध्ये दाखवलं असेल.

एमएस्सी_जळगाव | सोमवार, सकाळी ७:५५

सर, एक आकडा बघितला तर नाचेलच. पण तीन-चार बीकनची अंतरं घेऊन त्रिभुज पद्धतीनं जागा काढली आणि वर काल्मन फिल्टर (मागचे आकडे बघून नवा आकडा सावरणारं गणित) लावला तर आकड्यांतला गोंधळ गाळला जातो. किंवा फिंगरप्रिंटिंग करता येईल: आधी प्रत्येक कोपऱ्यात उभं राहून सगळ्या बीकनची ताकद नोंदवायची, मग हँडहेल्डचे आकडे त्या नोंदींशी ताडून बघायचे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी २००० मध्ये रेडार नावाच्या प्रयोगात हे केलं होतं, तेही फक्त ३ वायफाय स्टेशनवर. चूक साधारण २ ते ३ मीटरवर आली होती.

तरंगलांबी | सोमवार, सकाळी ८:४०

अभ्यास चांगला आहे तुमचा. त्याच प्रयोगात त्यांनी प्रत्येक जागी चार दिशांना तोंड करून नोंदी घेतल्या होत्या, ते आठवा. कारण मोजणाऱ्याचं स्वतःचं शरीरच मध्ये येत होतं. आणि ते ऑफिस होतं. भिंती, टेबलं रोज जागा बदलत नाहीत. सावदेकरांकडे रोज ट्रक भरतो आणि रोज थप्प्या बदलतात. सोमवारी काढलेला नकाशा मंगळवारी शिळा.

काल्मनचं म्हणाल तर तो नाचणारे आकडे शांत करतो. पण मध्ये केळीची थप्पी आहे म्हणून आकडा सतत १२ डेसिबल कमी येत असेल तर फिल्टर काय करणार? तो चुकीच्या जागेवरच शांतपणे उभा राहील. ठिपका थरथरत नाही म्हणून माणसाला वाटतं बरोबर आहे. डेमोत लोक इथंच फसतात.

पांझराकाठ | सोमवार, दुपारी २:०५

मी धुळ्यात रुग्णालयाच्या स्टोअरचं काम बघते. आमच्याकडे व्हीलचेअर आणि इन्फ्युजन पंपांना (सलाईन सोडणाऱ्या यंत्रांना) असे सिग्नल सोडणारे टॅग लावले होते. सगळ्यात मोठी डोकेदुखी मजल्याची. वरच्या मजल्यावरचा रिसीव्हर स्लॅबमधून खालचा टॅग ऐकायचा आणि पंप वरच्या वॉर्डात दिसायचा. वॉर्डबॉय वर जाऊन शोधून येई, पंप खाली त्याच्या पलंगाशेजारीच. शेवटी मीटरचा नाद सोडला. ‘वॉर्ड कोणता’ एवढंच विचारायचं ठरलं. प्रत्येक वॉर्डात रिसीव्हर, आणि नवीन वॉर्डाचा सिग्नल काही वेळ सलग जास्त आला तरच जागा बदलायची, एकदा चमकला म्हणून नाही. तेव्हापासून कामाचं झालं.

सावदेकर दादा, तुम्हाला चेंबर नंबर कळला तर पुरेल की थप्पीसुद्धा कळायला हवी?

सावदेकर | सोमवार, दुपारी २:५०

ताई, चेंबर नंबर कळला तर मी पेढे वाटीन. थप्पी पोरं शोधतील, एका चेंबरमध्ये शोधायचं असेल तर.

तरंगलांबी | सोमवार, दुपारी ३:१५

मग तुमचा प्रश्न एकदम सोपा झाला. ज्या पत्र्यानं मीटरचं वाटोळं केलं तोच पत्रा आता तुमच्या बाजूनं आहे. धुळ्याचा स्लॅब सिग्नल सोडतो. तुमचं पॅनेल जवळजवळ सोडत नाही. आतला आवाज आत, बाहेरचा बाहेर. दाराच्या रबरातून थोडा झिरपेल.

प्रयोग करा, पैसे लागत नाहीत. एका फोनवर बीकनसारखं ओरडणारं मोफत अ‍ॅप टाका, तो चेंबरमध्ये ठेवा, दार लावा आणि दुसऱ्या फोनवर स्कॅनर अ‍ॅप लावून बाहेर फिरा. भरलेलं चेंबर घ्या.

नेटवर्कनाना | सोमवार, सायंकाळी ६:३०

नंदुरबारहून. वायफायचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. वायफायमध्ये अंतर खरंच मोजायची सोय आहे. फोन राउटरला संदेश पाठवतो, उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजतो, त्यावरून मीटर काढतो. त्याला आरटीटी म्हणतात, अँड्रॉइड ९ पासून आहे. तीन-चार राउटर दिसत असले तर १ ते २ मीटर मिळतं. पण राउटर आणि फोन दोघांनाही ते यायला हवं, आणि स्वस्तातल्या हँडहेल्डमध्ये मी अजून बघितलेलं नाही.

नुसत्या वायफाय ताकदीवर जायचं तर दुसरी गोम. त्याच अँड्रॉइड ९ पासून समोर उघडं असलेलं अ‍ॅपसुद्धा २ मिनिटांत ४ वेळाच वायफाय स्कॅन करू शकतं. बॅटरी वाचवायला घातलेलं बंधन. पोरगा तोवर तिसऱ्या चेंबरमध्ये पोचतो.

ब्लूटूथलाही खोड आहे. स्क्रीन बंद झाली की अँड्रॉइड ८.१ पासून फिल्टर न लावलेलं स्कॅन थांबतं. डेमोच्या वेळी स्क्रीन चालू असते. पुरवठादाराला विचारा की खिशातल्या, स्क्रीन बंद असलेल्या हँडहेल्डचं काय होतं.

पुण्यातला_खान्देशी | सोमवार, रात्री ८:१०

एवढी चर्चा कशाला, प्रत्येक हँडहेल्डला एअरटॅग लावा, अ‍ॅपलचा वस्तू शोधायचा टॅग. त्यात यूडब्ल्यूबी (अंतर मोजणारा रेडिओ) आहे, बाण दाखवतो, फूटभर अचूक.

तरंगलांबी | सोमवार, रात्री ८:५५

यूडब्ल्यूबी उत्तमच आहे. ५०० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून रुंद पट्ट्यात अगदी आखूड स्पंद पाठवायचे आणि प्रवासाला लागलेला वेळ मोजायचा. प्रकाश १ नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणून घड्याळ तितकं बारीक लागतं आणि चिप महाग पडते. सिग्नल सरळ पोचला तर १० ते ३० सेंटिमीटर मिळतं. मध्ये केळी आली की तोही मार खातो.

पण एअरटॅगचा बाण दिसायला यूडब्ल्यूबीवाला आयफोन हातात हवा आणि तो जवळ हवा. लांबून शोधायचं तर आजूबाजूला कुणाचं तरी अ‍ॅपलचं उपकरण असावं लागतं, तेच टॅगचा आवाज ऐकून जागा वर कळवतं. रात्री सावद्याच्या पॅकहाउसात मुकादमाकडे आयफोन आहे का ते विचारा.

सावदेकर | सोमवार, रात्री ९:०२

मुकादमाकडे अजून बटणवाला आहे 😀

अमळनेरी | सोमवार, रात्री ९:०८

तोच कधी हरावस नही!

वाघूर_ट | मंगळवार, सकाळी ११:२०

मी पॅकिंगच्या कामावर जायचे, आता सुपरवायझर आहे, जागा सांगत नाही. एक विचारते. आज हँडहेल्ड कुठं आहे ते बघणार, उद्या त्याच नकाशावर कोण किती वेळ बाहेर बसलं ते बघणार ना? आमच्याकडे हजेरीच्या नावाखाली मोबाईलवर अ‍ॅप टाकायला लावलं आणि मग बाया पाणी प्यायला कितीदा गेल्या ते विचारायला लागले. तंत्र सगळ्यांनी सांगितलं, हे कुणीच विचारलं नाही.

सावदेकर | मंगळवार, दुपारी १२:४५

ताई, प्रामाणिक प्रश्न आहे. पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये ‘कर्मचारी हालचाल अहवाल’ अशी ओळ आहे, ती मी मागितलेली नव्हती. ती काढायला सांगतो.

पांझराकाठ | मंगळवार, दुपारी १:३०

सांगून भागणार नाही, रचनाच तशी करा. हँडहेल्ड कुणाच्या नावावर दिला ते या यंत्रणेत टाकूच नका. आमच्याकडे पंपाचा नंबर असतो, नर्सचा नसतो. आणि शेवटची जागा तेवढी ठेवा, दिवसभराचा माग ठेवायची गरजच काय? २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही आहेच, पण कायद्याच्या आधी साधी गोष्ट ही की जी नोंद ठेवलीच नाही ती कुणी वापरू शकत नाही.

वाघूर_ट | मंगळवार, दुपारी १:४१

हे पटलं.

सावदेकर | बुधवार, रात्री ८:३५

प्रयोग केला. ४ नंबर भरलेलं होतं, त्यात फोन थप्पीच्या मागं ठेवला. आतल्या आत, दाराजवळ उभं राहून, सिग्नल उणे ७० ते उणे ८० च्या मधे नाचत होतं (उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर). दार लावून बाहेर आलो तर अगदी दाराच्या फटीशी उणे ९५ च्या आसपास कधीतरी एकदा, दोन पावलं मागं आलं की काहीच नाही. ३ आणि ५ नंबरच्या आत काहीच नाही. दार उघडं असताना मात्र बाहेरच्या पॅसेजमध्ये लांबपर्यंत ऐकू येतं, समोरच्या ८ नंबरचं दार उघडं असेल तर तिथंही.

पण आता अडकलो आहे. हँडहेल्ड आत, दार बंद, नेट नाही. त्याला भिंतीवरचा बीकन ऐकू आला तरी तो ऑफिसला सांगणार कसा? पुरवठादाराला फोन केला तर म्हणतो, प्रत्येक चेंबरमध्ये वायफाय राउटर घ्या, तेही आम्हीच देतो.

नेटवर्कनाना | बुधवार, रात्री ९:१५

देणारच.

तरंगलांबी | बुधवार, रात्री १०:३०

व्यवस्था उलटी करा. बीकन भिंतीवर नको, हँडहेल्डच्या पाठीवर. आणि ऐकणारा भिंतीवर.

बटण सेलवर चालणारा छोटा टॅग घ्या, तो हँडहेल्डला चिकटवा. हँडहेल्डची बॅटरी मेली तरी टॅग ओरडत राहतो, तुमची निम्मी अडचण तिथंच संपली. अँड्रॉइडचं स्कॅन, स्क्रीन बंद, परवानग्या, नानांनी सांगितलेल्या सगळ्या खोडी गेल्या, कारण अ‍ॅपच नाही. फोन आपला ब्लूटूथ पत्ता दर थोड्या वेळानं बदलत असतो, टॅगचा नंबर आपण कायम ठेवू शकतो. आणि वाघूर ताईंच्या प्रश्नाचंही बरंचसं उत्तर यात येतं: टॅग वस्तूला आहे.

प्रत्येक चेंबरमध्ये ऐकायला एक ईएसपी३२ बोर्ड, म्हणजे वायफाय-ब्लूटूथ असलेला छोटा कंट्रोलर. साधा बोर्ड चार-पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. पण साधा घेऊ नका, इथरनेटची, म्हणजे लॅनची वायर लावायची, जागा असलेला घ्या. कारण दोन. एक, आतून वायफाय बाहेर जाणारच नाही. दोन, या चिपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच रेडिओवर वाटून चालतात, वायफाय बोलत असताना ब्लूटूथचे संदेश निसटतात. वायर कुठून न्यायची हा प्रश्न तुम्हाला पडू नये. तापमान आणि आर्द्रतेच्या सेन्सरची वायर प्रत्येक चेंबरमधून कंट्रोल पॅनेलपर्यंत आधीच गेलेली असणार. त्याच भोकातून लॅनची वायर ओढा, मोटारीच्या पॉवर केबलपासून जरा लांब ठेवा आणि भोक परत सीलंटनं बंद करा, नाहीतर गॅस गळेल.

एमएस्सी_जळगाव | बुधवार, रात्री ११:०५

सर, ऐकणारा चेंबरमध्ये कुठं लावायचा? आणि दार उघडं असताना दोन ठिकाणी ऐकू आलं तर?

तरंगलांबी | गुरुवार, सकाळी ७:२०

थप्पीच्या वर, छताच्या खाली, पंख्याच्या झोताच्या बाजूला. थप्पीच्या डोक्यावरून सिग्नलला जायला वाट मिळते, केळीतून जावं लागत नाही. पत्र्याला अगदी चिकटवू नका, अँटेना पत्र्यापासून निदान ३-४ सेंटिमीटर लांब ठेवा. टॅगचंही तसंच, हँडहेल्डचं कवच प्लास्टिकचं आहे म्हणून चालेल, उद्या लोखंडी ट्रॉलीला लावाल तर मध्ये फोमचा तुकडा घाला.

दार उघडं असतानाचं उत्तर पांझरा ताईंनी दिलंय. शेवटच्या अर्ध्या मिनिटात प्रत्येक बोर्डानं ऐकलेल्या आकड्यांचा मध्यक (क्रमानं लावल्यावर मधला आकडा) काढा, सरासरी नको, एखादा वेडावाकडा आकडा सरासरीला ओढतो. नवीन चेंबर जुन्यापेक्षा ८-१० डेसिबलनं वर असेल आणि काही वेळ राहिला तरच बदल. खरं सांगायचं तर दार उघडं असताना चुकलं तरी काय बिघडलं? तेव्हा माणसं आतच असतात. दार लागल्यावर जे ऐकू येईल ते पक्कं. दाराला चुंबकी स्विच असेल तर तो जोडा, दार बंद झाल्यानंतरचीच नोंद खरी माना.

हे सगळं तुम्हाला जमेल. पहिलं चेंबर मी रविवारी येऊन जोडून देतो, भुसावळहून सावदा लांब नाही.

पांझराकाठ | गुरुवार, सकाळी ९:५०

टॅग घेताना पाण्यापासून बंद असलेलाच घ्या. चेंबरमध्ये आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर असते ना? आमच्याकडे नुसत्या फिनाइलच्या पुसण्यानं साध्या टॅगांचे सेल गंजले होते. आणि ओरडण्याचा वेग १ किंवा २ सेकंदाला एकदा ठेवा. कारखान्यातून तो बहुतेक १०० मिलिसेकंदांवर येतो, तसा ठेवला तर सेल लवकर संपतो. १-२ सेकंदांवर वर्षभर तरी जायला हरकत नाही. सेल उतरत आला की टॅग ते कळवतो का, तेवढं बघून घ्या, सगळे कळवत नाहीत.

अमळनेरी | गुरुवार, सकाळी १०:१५

नाना लोकहो, एक अडाणी सवाल. चेंबरच्या बाहेर नंबर टाकलेल्या खुंट्या ठोकल्या आणि दार लावायच्या आधी खुंट्या भरल्या का ते बघितलं, तर?

सावदेकर | गुरुवार, सकाळी १०:४०

ते आजपासूनच सुरू करतो, सुताराला निरोप गेला आहे. पण सीझनला रात्री २ वाजता ट्रक लागला की खुंट्यांकडे कोण बघतो ते मला माहीत आहे. दोन्ही करू.

तरंगलांबी सर, रविवारी जेवायला आमच्याकडेच या, भरीत करतो. बोर्ड आणि टॅग जळगावात मिळतील की मागवावे लागतील?

तरंगलांबी | गुरुवार, सकाळी ११:०२

मागवा. माझ्याकडे इथरनेटवाला एक बोर्ड पडून आहे, तो आणतो. तुम्ही फक्त दोन टॅग आणि लॅनची वायर आणून ठेवा. आणि ४ नंबर त्या दिवशी भरलेलं असू द्या, रिकाम्यात तपासून उपयोग नाही.